फुली पुसणारी मास्तरीण

मोठ्या लढायांचा इतिहास लिहितांना सेनापतीचें नांव ठळक अक्षरांत येतें, आणि ज्यांनीं रस्ते बांधले, दाणागोटा पोंचविला, जखमा बांधल्या, त्यांचीं नांवें समासांतही सांपडत नाहींत. अमेरिकेंतील काळ्या लोकांनीं वर्णभेदाशीं जी झुंज दिली तिचेंही असेंच झालें आहे. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांचें नांव आज खेड्यापाड्यांतील शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, आणि तें असावें हें योग्यच आहे. परंतु त्याच झुंजींत शेतमजुराच्या हातीं पेन्सिल देऊन त्याला मतपेटीपर्यंत नेऊन सोडणारी एक शाळामास्तरीण होती. तिचें नांव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. हें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर गेलें असेल. म्हणून आज तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें आम्ही आरंभींच सांगून टाकतों: ज्या पुढाऱ्याच्या मागें हजारों लोक चालतात तो मोठा खराच, पण ज्याच्या कामामुळें लोकांना पुढाऱ्यावांचून चालतां येऊं लागतें, तो त्याहूनही मोठा.

वाचकांनीं प्रथम तो देश व तो काळ डोळ्यांपुढें आणावा. अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत १८६१ पासून १८६५ पर्यंत घनघोर यादवी युद्ध झालें व १८६५ सालीं घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. पुढें १८७० सालच्या दुरुस्तीनें, वर्णावरून कोणाचाही मताचा हक्क हिरावतां येणार नाहीं, असें ठरलें. कागदावर सारें गोजिरें दिसत होतें. पण दक्षिणेंतील मळेवाले गोरे हार खाणारे नव्हते. त्यांनीं एकामागून एक कायदे करून काळ्यांच्या शाळा निराळ्या, आगगाडीचे डबे निराळे, पाणी पिण्याचे नळ निराळे, इस्पितळें निराळीं, फार काय, मेल्यावर पुरण्याच्या जागाही निराळ्या केल्या. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'निराळें पण समान' या गोंडस नांवाखालीं या अन्यायावर शिक्कामोर्तब केलें. निराळें तें होतें. समान तें एक दिवसही नव्हतें.

मताचा हक्क काढून घेण्याची युक्ति तर याहून कावेबाज. साउथ कॅरोलायना संस्थानानें १८९५ सालीं आपल्या नव्या घटनेंत अशी अट घातली कीं, ज्याला मत पाहिजे त्यानें घटनेंतील कोणतेंही कलम वाचून व लिहून दाखवावें, नाहीं तर त्याच्या नांवावर निदान तीनशें डॉलर किंमतीची मालमत्ता असून तिचा कर भरलेला असावा. ऐकणारास वाटेल, यांत वाईट तें काय? पण याच संस्थानानें १७४० सालीं गुलामास लिहावयास शिकविणें, आणि १८३४ सालीं त्याला वाचावयास शिकविणें, हा गुन्हा ठरविला होता. म्हणजे आधीं माणसाचे डोळे बांधावयाचे, आणि मग 'हा आंधळा आहे' म्हणून त्याला वाटेंतून बाजूस सारावयाचें! परीक्षा घेणारा गोरा, कलम निवडणारा गोरा, पास-नापास ठरविणाराही गोराच.

आमच्या वाचकांस ही हकीकत परक्याची वाटूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्यांनीं अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथील सत्पुरुषांस अर्पण केला आहे. जोतीरावांनीं हजारों कोसांवरून ज्यांच्या सुटकेबद्दल आनंद मानला, त्यांच्या मुलांनातवंडांचें पुढें काय झालें हें समजून घेणें, हें त्या अर्पणपत्रिकेचें आम्हांवरील ऋणच आहे.

सेप्टिमाबाईंचा जन्म साउथ कॅरोलायनांतील चार्लस्टन या बंदराच्या शहरीं ३ मे १८९८ रोजीं झाला. बाप जन्मानें गुलाम. आई घरीं लोकांचे कपडे धुवून चार पैसे मिळवी व त्यांतून पोरांच्या शिक्षणास हातभार लावी. मुलीनें १९१६ सालीं एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूट या शिक्षक तयार करणाऱ्या शाळेंतून परीक्षा दिली. पण मास्तरकीचा दाखला हातीं येऊनही चार्लस्टन शहराच्या सरकारी शाळांत तिला जागा नव्हती. त्या शाळांत काळ्या मुलांना शिकविण्याचें कामही गोऱ्यांसाठींच राखून ठेवलेलें होतें! म्हणून अठरा वर्षांची ही पोर समुद्रकांठच्या जॉन्स बेटावर शिकवावयास गेली.

त्या बेटावरील शाळेचा हिशेब आमच्या मास्तरबंधूंनीं व पालकांनीं नीट वाचावा. दोन शिक्षिका व १३२ मुलें. सेप्टिमाबाईंचा पगार महिना ३५ डॉलर, सोबतिणीचा २५. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्यांची शाळा, तींत मुलें तीन, आणि तेथील बाईंचा पगार ८५ डॉलर! वर्गांत फळा नाहीं, पुस्तकें नाहींत. बाई दुकानांतल्या कागदी पिशव्या उसवून त्यांवर मुलांच्याच तोंडच्या गोष्टी लिहीत, व तेंच त्यांचें क्रमिक पुस्तक होई. मळ्यावर बांधलेल्या कुळांचीं मोठीं मुलें पीक निघाल्यावर शाळेंत येत व पेरणी लागली कीं नाहींशीं होत. हंगामाच्या दिवसांत ज्या मास्तरानें ओस वर्ग पाहिला आहे, त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. रात्रीं मोठीं माणसेंही बाईंकडे येत. त्यांना आपल्या मंडळींत उभें राहून दोन शब्द वाचून दाखवावयाचे असत. पुढें चाळीस वर्षांनीं जें झाड वाढलें त्याचें बीं येथें पडलें.

१९१९ सालीं बाई चार्लस्टनला परत आल्या, आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं १९०९ सालीं निघालेल्या एन. ए. ए. सी. पी. या राष्ट्रीय संस्थेच्या कामांत पडल्या. शहराच्या शाळांत काळे शिक्षक घ्यावे ही मागणी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांचें उत्तर असें कीं, ही हौस चार शिकल्यासवरल्या उजळ कातडीच्या लोकांची आहे. स्वयंपाकिणी व धोबिणी यांना असलें कांहीं नको आहे. बाईंनीं वाद घातला नाहीं. त्या व त्यांचे सोबती घरोघर फिरले, आणि सुमारे दहा हजार सह्या पुढें करून त्या स्वयंपाकिणींचें व धोबिणींचें म्हणणें काय आहे तें दाखवून दिलें. १९२० सालीं काळ्या शिक्षकांस त्या शाळा उघड्या झाल्या. 'खालच्या लोकांना हें नकोच आहे' असें वरच्यांनीं परस्पर सांगून टाकावें, ही चाल सगळ्या देशांत एकच दिसते. तिला तोड एकच. खालच्यांनीं स्वतःच्या तोंडानें बोलावें, आणि त्याचा लेखी पुरावा ठेवावा.

पुढें कोलंबिया शहरांत शिक्षिका असतांना, काळ्या व गोऱ्या शिक्षकांस समान पगार मिळावा म्हणून जो खटला चालला, त्याच्या कामींही बाईंनीं मदत केली. काळ्यांच्या बाजूनें थर्गुड मार्शल हे नामांकित वकील होते आणि १९४५ सालीं न्यायाधीश वेअरिंग यांनीं निकाल शिक्षकांच्या बाजूनें दिला. नोकरी संभाळून बाईंनीं स्वतःचें शिक्षणही सोडलें नाहीं. १९४२ सालीं बी. ए. व १९४६ सालीं एम. ए. झाल्या. तेव्हां त्यांचें वय ४८ होतें.

आतां खरी परीक्षा आली. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानें दक्षिणेंतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांचें पित्त खवळलें. १९५६ सालीं साउथ कॅरोलायनाच्या कायदेमंडळानें ठरविलें कीं, एन. ए. ए. सी. पी.च्या सभासदाला सरकारी वा नगराच्या नोकरींत राहतां येणार नाहीं. शिक्षकांस तसें लिहून द्यावें लागे. बाईंनीं सभासदत्व लपविलें नाहीं व सोडलेंही नाहीं. चाळीस वर्षांची नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर पेन्शनही गेलें. वय ५८.

बाईंनीं त्या वेळीं आपल्या सहीनें ७२६ काळ्या शिक्षकांस पत्रें लिहिलीं कीं, या कायद्याविरुद्ध आपण सर्व मिळून उभे राहूं. उत्तरें आलीं २६. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोबत येण्यास ११ जण तयार झाले. प्रत्यक्ष दिवशीं आले पांच. त्यांच्याच एका स्त्रीमंडळानें त्यांचा सत्कार केला, पण बाईंच्या शेजारीं उभें राहून फोटो काढून घेण्याची हिंमत कोणा सभासद भगिनीस झाली नाहीं.

या ठिकाणीं त्या शिक्षकांस भेकड म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्ही स्वतः पगारी मास्तर आहों, तेव्हां तो सोपेपणा आम्हांस शोभणार नाहीं. ज्याच्या चुलीवरचें आधण दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याची जीभ आपोआप जड होते. घरीं पोरें आहेत, म्हातारे आईबाप आहेत, कर्जाचा हप्ता आहे. सत्ता हें सर्व ओळखून असते, आणि म्हणूनच ती शिकलेल्याला प्रथम नोकरी देते आणि मग त्या नोकरीची दोरी हातांत धरून बसते. परंतु यांतून एक धडा निघतो तो आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनीं गांठीस बांधण्यासारखा आहे. समाजाचा उद्धार शिकलेले नोकरदार करतील म्हणून वाट पाहत बसणें फुकट आहे. सेप्टिमाबाईंनीं तो धडा ७२६ पत्रांची किंमत देऊन घेतला, आणि पुढचें पाऊल निराळ्या दिशेनें टाकलें.

टेनेसी संस्थानांत माँटईगल येथें हायलँडर नांवाची एक लोकशाळा १९३२ सालीं स्थापन झाली होती. माइल्स हॉर्टन हे तिचे एक संस्थापक व चालक. तेथें कायदा झुगारून काळे व गोरे एका टेबलावर जेवत व एका छपराखालीं निजत. बाई १९५४ पासून तेथें जात होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यांत त्यांच्या वर्गास माँटगोमेरी शहरची शिवणकाम करून पोट भरणारी एक बाई येऊन बसली होती. तिचें नांव रोझा पार्क्स. त्याच वर्षीं १ डिसेंबरला तिनें मोटारगाडींतील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचें नाकारलें, व ३८१ दिवस चाललेला बहिष्कार सुरू झाला. नोकरी गेल्यावर बाई हायलँडरलाच येऊन राहिल्या, व तेथील वर्गांचें काम त्यांच्याकडे आलें.

इकडे जॉन्स बेटावर इसॉ जेंकिन्स नांवाचा एक गृहस्थ होता. शाळा जेमतेम चार इयत्ता. शेती करी व बेटावरील मजुरांस आपल्या मोटारगाडींतून चार्लस्टनला कामावर नेई-आणी. गाडी चालतां चालतां तो उतारूंना घटनेंतील कलमें समजावून सांगे. एके दिवशीं ॲलिस वाइन या बाईनें त्याला सांगितलें कीं, मला वाचावयास शिकव, म्हणजे मी मत देईन. तिनें ऐकून ऐकून कलम तोंडपाठ केलें होतें, पण तिला पाठांतर नको होतें. तिला वाचावयाचें होतें. जेंकिन्सनें ही गोष्ट हायलँडरपाशीं नेली. तेथून पंधराशें डॉलर उसने मिळाले, बेटावर एक जुनी इमारत घेतली, पुढच्या बाजूस सहकारी वाणसामानाचें दुकान थाटलें आणि मागच्या खोल्यांत शाळा! दुकान पाहून गोऱ्यांना संशय येऊं नये म्हणून ही योजना. ७ जानेवारी १९५७ रोजीं तेथें पहिला वर्ग भरला. त्याला नांव दिलें नागरिकत्व-शाळा.

या शाळेस शिक्षक कोण निवडला? दाखलेवाला मास्तर निवडला नाहीं. बाईंनीं आपल्या नात्यांतील बर्निस रॉबिन्सन हिला गळ घातली. ही बायकांचे केंस नीट करून देण्याचें दुकान चालवी व शिवणकाम करी. तिचीं सर्व गिऱ्हाइकें काळीं. कोणाही गोऱ्याला तिच्या पोटावर पाय देतां येण्यासारखा नव्हता. शिवाय ती ऐकून घेणारी होती. ७२६ पत्रांना जें जमलें नाहीं तें एका कारागीर बाईनें केलें, याचें कारण हें कीं तिची भाकरी तिच्या हातांत होती. कारागीर वाचकहो, आपला धंदा हलका म्हणून खालीं मान घालणाऱ्यांनीं ही ओळ दोनदां वाचावी.

पहिल्या वर्गांत १४ जण आले. रॉबिन्सननें त्यांना सांगितलें कीं, मी कांहीं शिक्षिका नाहीं. आपण मिळून शिकूं. तिनें लहान मुलांचीं पुस्तकें आणलीं होतीं; पण नांगर धरून हात राठ झालेल्या माणसांपुढें बाहुलीमांजराचे धडे ठेवणें बरें नाहीं हें ओळखून तीं तिनें बाजूला सारलीं, आणि विचारलें, तुम्हांला काय शिकावयाचें आहे? कोणाला आपलें नांव लिहावयाचें होतें, कोणाला बायबल वाचावयाचें होतें, कोणाला मनीऑर्डरीचा कागद भरावयाचा होता, कोणाला टपालानें माल मागविण्याचा. तेंच पाठ्यपुस्तक झालें. हिशेब शिकवावयाचा तर अमुक मैलांस किती पेट्रोल लागेल, हा. पुठ्ठ्यावर नांव काढून द्यावयाचें व त्यावरून शिकणारानें पेन्सिल फिरवीत राहावयाचें, हाताला वळण लागेपर्यंत. जोर लागून पेन्सिली मोडत, मोडूं द्यावयाच्या. आठवड्यांतून दोन रात्रीं, दोन दोन तास, आणि तेही शेताचें काम नसतें त्या थंडीच्या दिवसांत. त्या वर्गांतील एक ६५ वर्षांची बाई फळ्यापाशीं गेली, रॉबिन्सनच्या हातांतील पट्टी घेतली, आणि लिहिलेल्या नांवांतून आपलें नांव शोधून त्यावर पट्टी टेकवून अक्षर न् अक्षर तिनें म्हणून दाखविलें. रॉबिन्सनच्या अंगावर कांटा उभा राहिला. तो कोणाच्याही अंगावर राहील.

शिक्षणशास्त्राचीं जाड पुस्तकें आम्हीं ट्रेनिंग कॉलेजांत पाठ केलीं आहेत. त्यांत प्रौढांस कसें शिकवावें यावर पुष्कळ पानें आहेत. पण 'तुम्हांला काय पाहिजे?' हा प्रश्न प्रथम विचारावा, हें तत्त्व त्या मागल्या खोलींत जितक्या स्वच्छपणें दिसतें तितकें त्या पानांत दिसत नाहीं. शिकणारा दीन व शिकविणारा दाता, हें नातें येथें मोडून पडलें. हा वर्णभेदावर झालेला घावच होता. कारण वर्णभेद केवळ नळाच्या पाटीवर राहत नाहीं, तो 'मला काय कळतें' असें म्हणणाऱ्याच्या मनांतही राहतो.

पहिल्या वर्गांतील कित्येकांचीं नांवें मतदारांच्या यादींत चढलीं, आणि शेजारच्या वॉडमलॉ, एडिस्टो वगैरे बेटांवरून मागणी आली. तेव्हां सत्ताधीशही जागे झाले. ३१ जुलै १९५९ रोजीं हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला. जिनें दारूला कधीं स्पर्श केला नाहीं त्या सेप्टिमाबाईंना बेकायदा दारूच्या आरोपाखालीं पकडून नेलें! आरोप पुढें टिकला नाहीं, पण त्या शाळेची सनद गेली, व १९६१ सालीं तिला टाळें लागलें. तोंवर ही चळवळ किंग यांच्या संस्थेकडे सोंपविली गेली होती. जॉर्जिया संस्थानांत मॅकिंटॉश येथें, डॉर्चेस्टर नांवाच्या जुन्या मिशन-शाळेच्या आवारांत, बाई, डोरोथी कॉटन व अँड्र्यू यंग यांनीं शिक्षक तयार करण्याचा कारखाना काढला. दर वेळीं दक्षिणेंतील गांवोगांवचीं माणसें येत. त्यांत कुळें, मोलकरणी, धोबिणी असत. आठवडाभर राहत, आणि परत जाऊन स्वयंपाकघरांत, देवळाच्या ओसरीवर, केंस विंचरण्याच्या दुकानांत शाळा उघडीत. बाईंनीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें १९५७ पासून १९७० पर्यंत अशा ८९७ शाळा चालल्या.

या शाळांचें फळ काय, हें बाई एका शेतकऱ्याची गोष्ट सांगून समजावीत. हा शेतकरी बँकेंत पैसे काढावयास गेला. नेहमींप्रमाणें गोऱ्या कारकुनानें लेखणी उचलली व त्याच्या नांवापुढें आपणच फुली मारूं लागला. शेतकरी म्हणाला, राहूं द्या, मला माझें नांव लिहितां येतें. कारकुनानें आ वासला. पैसे त्याचेच होते, आधींही त्याचेच होते. पण त्या दिवसापासून त्यांवरची सहीही त्याची झाली.

मिसिसिपीची फॅनी लू हेमर ही याच शाळांची माणूस. ४४ वर्षांची होईपर्यंत काळ्यांस मत देतां येतें हेंच तिला ठाऊक नव्हतें. ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं मतदार म्हणून नांव नोंदविण्यास ती गेली, तोंच ज्या मळ्यावर ती अठरा वर्षें राबली तेथून तिला हांकून लाविलें. १९६३ च्या जूनमध्यें चार्लस्टन येथील अशाच वर्गाहून घरीं परततांना विनोना गांवीं पोलिसांनीं तिला कोठडींत टाकून अमानुष मार दिला. ती मागें हटली नाहीं. अशा माणसांच्या बळावर १९६५ चा मतदान-हक्काचा कायदा झाला, आणि वाचण्या-लिहिण्याच्या त्या कपटी परीक्षा जेथें जेथें काळ्यांविरुद्ध वापरल्या जात होत्या तेथून उठल्या. कोणी म्हणेल, परीक्षाच उठली, मग इतकीं वर्षें अक्षरें गिरविण्याचा काय उपयोग झाला? उपयोग हा कीं, परीक्षा आपोआप उठली नाहीं. मिरवणुकींत चालणारा, तुरुंगांत जाणारा, साक्ष देणारा माणूस आधीं कोठें तरी घडावा लागतो. तो या मागल्या खोल्यांत घडला.

आतां एक कडू गोष्ट. ती लपविली तर हा लेख स्तुतिपाठ होईल. किंग यांच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळांत बाई होत्या. पण त्यांचा एक निकटचा सहकारी वारंवार विचारी कीं, ही बाई या मंडळांत कशाला? किंग उत्तर देत कीं, जिच्या योजनेनें इतकीं माणसें आपणांस मिळालीं ती मंडळांत हवीच. १९६४ सालीं नोबेल पारितोषिक घेण्यास ते ओस्लोला गेले तेव्हां बाईंनाही सोबत नेलें. तरी एकदां बाईंनीं किंगना पत्र लिहिलें कीं, सर्व मोर्चांच्या अग्रभागीं आपण स्वतःच राहूं नये. गांवोगांवचे पुढारी तयार करावे आणि त्यांना त्यांचे मोर्चे चालवूं द्यावे. किंग यांनीं तें पत्र कचेरींतील मंडळींस वाचून दाखविलें, आणि मंडळी हंसलीं.

आम्ही किंग यांचा अनादर करीत नाहीं. त्यांनीं प्राण वेंचला. पण ४ एप्रिल १९६८ रोजीं गोळी लागून ते पडले, आणि त्यांच्याशिवाय काय होणार या प्रश्नानें अनेक मोठमोठीं माणसें हतबल झालीं, तेव्हां त्या हंसण्याचा अर्थ उघडा पडला. एका माणसावर उभी केलेली चळवळ एका गोळीनें अपंग होऊं शकते. बाईंच्या ८९७ शाळांना एका गोळीनें मारतां येत नव्हतें. अन्यायाशीं लढणाऱ्यांच्या घरांतही उच्चनीच असतो, आणि तेथें खालच्या पाटावर बहुधा बाई बसविलेली असते. ज्या घरांत सुनेनें व लेकीनें काढलेली मात हंसून उडवितात, त्या घरानें वर्णभेदाविरुद्ध बोलण्यापूर्वीं आपली ओसरी झाडावी.

कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, आपल्याकडे तसली परीक्षाच नाहीं. खरें आहे. आमच्या राज्यघटनेनें १९५० सालीं प्रत्येक प्रौढास मत दिलें व अक्षराची अट घातली नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत मतपेट्यांवर चिन्हें लावून निरक्षरांचीही सोय केली. हा आमच्या घटनाकारांचा मोठा उपकार. पण मत टाकून घरीं आल्यावर सातबारा, सोसायटीचें कर्ज, पीकविम्याचा अर्ज हे कागद समोर येतात. ते जो वाचत नाहीं त्याच्या वतीनें दुसरा कोणी वाचतो, आणि वाचणाऱ्याच्या मर्जीनें त्यांचा अर्थ ठरतो. बँकेंतला तो कारकून फुली मारावयास अजून लेखणी उचलून बसलेलाच आहे.

बाईंचा शेवट गोड झाला, पण उशिरां. ज्या चार्लस्टनच्या शाळाखात्यानें त्यांस घालविलें, त्याच जिल्ह्याच्या शाळामंडळावर १९७५ सालीं त्या निवडून आल्या. १९७६ सालीं संस्थानाच्या गव्हर्नरानें, त्यांना कामावरून काढणें अन्यायाचें होतें असें मान्य करून पेन्शन परत सुरू केलें; तेव्हां त्यांचें वय ७८ होतें. १५ डिसेंबर १९८७ रोजीं त्या जॉन्स बेटावर वारल्या. जेथें कागदी पिशव्यांवर गोष्टी लिहिल्या तेथेंच. आणि मिळालेला हक्क आपोआप टिकत नाहीं याचीही साक्ष इतिहासानें दिली आहे: १९६५ च्या त्याच कायद्यांतील, कोणत्या संस्थानांवर देखरेख ठेवावी हें ठरविणारें कलम २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केलें.

म्हणून बंधुभगिनींनो, तुमच्या गांवांत कोणी सेप्टिमाबाई येईल म्हणून वाट पाहूं नका. तुमच्यांत कोणी शिंपी आहे, सुतार आहे, दूध घालणारी बाई आहे, जिची भाकरी तिच्या हातांत आहे. तिला चार अक्षरें येत असतील तर पुरे आहेत. येत्या सुगीनंतर हाताला काम नसेल तेव्हां आठवड्यांतून दोन रात्रीं मंडळी गोळा करा, कंदील असो वा विजेचा दिवा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्हांला काय शिकावयाचें आहे?